दोन गोळ्या आणि एक कोरडं तोंड

पत्र:

नमस्कार डॉक्टर. माझं वय 59. वर्ष झालं, तोंडाला सतत कोरड असते. रात्री दोनदा तरी उठून पाणी पिते, सकाळी जीभ टाळ्याला चिकटलेली असते. एका वाचनगटात मी गोष्टी मोठ्याने वाचून दाखवते. दोन पानं झाली की जीभ अडखळायला लागते, म्हणून एक आंबटगोड गोळी कायम गालात असते. दिवसाला सात-आठ होतात. त्यातच या वर्षात माझे तीन दात किडले, तिन्ही हिरडीच्या कडेला. त्याआधी वीस वर्षांत एकही किडला नव्हता आणि दोन वेळा ब्रश करणं मी कधी चुकवत नाही. औषधं चालू आहेत ती अशी: रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी एक गोळी, नागीण होऊन गेल्यावर मागे राहिलेल्या दुखण्यासाठी रात्री थोडी ॲमिट्रिप्टिलिन, आणि शिंकांसाठी झोपताना ॲलर्जीची जुनीच गोळी, क्लोरफेनिरामाईन. घरचे म्हणतात, वय झालं, पाणी जास्त पी. पाणी पिऊन पिऊन थकले. गंमत म्हणजे यजमानांची उशी मात्र रोज सकाळी ओली असते. आमच्या घरात लाळेची वाटणीच चुकली आहे का?

उत्तर:

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातल्या ‘गोळी’ या शब्दाखाली मी दोन वेगळ्या रंगांच्या पेन्सिली फिरवल्या. आपल्याकडे डॉक्टरची ती गोळी आणि चघळायची तीही गोळीच. तुमच्या बाबतीत मला दिसतंय ते असं, की पहिल्या जातीच्या गोळ्यांनी तोंड सुकवलं, त्या कोरडीवर उतारा म्हणून तुम्ही दुसऱ्या जातीची धरली, आणि दात खाल्ले ते दोघींनी मिळून. वयाचा यात हात असला तर अगदी थोडा. पाण्याच्या कमतरतेचा तर मला दिसतच नाही.

पत्रावरून केलेलं निदान म्हणजे खिडकीबाहेर उभं राहून केलेली तपासणी, हे मला कळतं. म्हणून पुढे आणखी दोन-तीन शक्यताही सांगणार आहे. पण आधी तुमच्या तोंडात काय चाललंय ते बघू, कारण ते कळलं की पाणी का पुरत नाही हे आपोआप कळेल.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, आणि आपण ती नकळत गिळत असतो. ती येते तीन मोठ्या जोड्यांमधून. एक जोडी कानाच्या पुढे गालात, दुसरी खालच्या जबड्याखाली, तिसरी जिभेखाली. शिवाय ओठ, गाल आणि टाळू यांच्या अस्तरात शेकडो बारक्या ग्रंथी विखुरलेल्या असतात. या सगळ्यांची कामं सारखी नाहीत. तुम्ही शांत बसलेल्या असता तेव्हा तोंड ओलं ठेवण्याचं बरंचसं काम जबड्याखालची जोडी करते. घास चावायला घेतला की गालातली जोडी जागी होते आणि पातळ, पाण्यासारखी लाळ सोडते. त्यामुळे एखाद्याला जेवताना काहीच त्रास होत नाही आणि एरवी मात्र तोंड वाळवंट झालेलं असतं, असंही घडतं. पेशंट ‘जेवताना बरं असतं’ म्हणाला की मी ते लिहून ठेवतो, कारण त्याचा अर्थ ग्रंथी अजून कामाच्या आहेत.

या ग्रंथी आपल्या मर्जीने चालत नाहीत. मेंदूकडून नसांवाटे निरोप येतो आणि नसेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन तो ग्रंथीच्या पेशीला पोचवतं. निरोप पोचला की लाळ सुटते. भीती वाटली की मेंदू हा निरोप रोखून धरतो, आणि जी काही थोडी लाळ येते ती चिकट, तारेसारखी असते. ‘तोंडचं पाणी पळालं’ हा वाक्प्रचार ज्याने कुणी पहिल्यांदा वापरला त्याचं शरीरशास्त्र पक्कं होतं.

आता तुमच्या रात्रीच्या दोन गोळ्या बघा. ॲमिट्रिप्टिलिन आणि क्लोरफेनिरामाईन, दोन्ही औषधं ॲसिटिलकोलीनचा रस्ता अडवतात. तो काही त्यांचा हेतू नसतो, मूळ काम करता करता होणारा उपद्रव असतो. पण दोन वेगवेगळ्या कामांसाठी घेतलेल्या गोळ्या हा एक उपद्रव मिळून करतात आणि त्याची बेरीज होते. ग्रंथी शाबूत आहे, तिला पाणीही मिळतंय, फक्त दारात निरोप्या अडवला गेलाय. त्यात आणखी एक योग असा, की झोपेत लाळ तशीही जवळजवळ थांबलेली असते, अगदी धडधाकट माणसाचीही. जी वेळ मुळातच लाळेच्या विश्रांतीची, नेमक्या त्या वेळी तुम्ही दोन्ही औषधं घेता. सकाळी जीभ टाळ्याला चिकटली नसती तरच नवल. रक्तदाबाची गोळी या दोघींच्या मानाने साधी, पण लघवीवाटे पाणी बाहेर काढते, म्हणून तिचाही थोडा वाटा धरा.

अशी औषधं शेकड्यांनी आहेत. लघवीची घाई आवरायला देतात त्या गोळ्या, नैराश्यावरची आणि मानसिक आजारांवरची बरीच औषधं, मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं, नाक मोकळं करणारी सर्दीची औषधं. यादी मोठी आहे, आणि वय वाढतं तशी प्रत्येकाच्या कपाटातली यादीही वाढते. म्हणूनच ‘म्हातारपणी तोंड कोरडं पडायचंच’ अशी समजूत रूढ झाली असावी. वयाने ग्रंथींची राखीव ताकद थोडी घटते हे खरं, पण औषध न घेणाऱ्या निरोगी वृद्धाला सहसा दिवसभर कोरड नसते. घरच्यांना हे वाचून दाखवायला हरकत नाही.

पाण्याबद्दल. लाळेत 99 टक्के पाणी असतं हे ऐकून सगळे पाण्याच्या मागे लागतात. सगळी करामत उरलेल्या एका टक्क्यात आहे. त्यात बायकार्बोनेट असतं, ते आम्ल मारतं. कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, ते दातांतून झिरपून गेलेलं खनिज परत भरतं. म्युसिन नावाची बुळबुळीत प्रथिनं असतात, त्यांनी गाल दातांवर घासत नाही आणि घास घशाखाली सरकतो. जंतूंना आवरणारी लायसोझाइम, लॅक्टोफेरिन आणि प्रतिपिंडं असतात. नळाच्या पाण्यात यातलं काही नाही. उलट घटाघटा प्यायलेलं पाणी, गालावर जो काही चिकट ओलावा शिल्लक असतो तोही धुऊन नेतं, आणि पाच मिनिटांत तोंड पुन्हा तसंच. रात्री प्यायलेल्या पाण्याने झोपेतून लघवीला उठावं लागतं ते वेगळंच. पाणी प्या, पण घोटभर, आणि लगेच न गिळता तोंडात फिरवून.

खरी गंभीर गोष्ट तुमचे तीन दात आहेत. ते हिरडीच्या कडेलाच का किडले? साखर तोंडात गेली की दातांवरच्या थरातले जंतू ती खाऊन आम्ल सोडतात. पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताचं वरचं कठीण कवच, म्हणजे इनॅमल, विरघळायला लागतं. हिरडी थोडी खाली सरकली की दाताचं मूळ उघडं पडतं, आणि मुळावर इनॅमल नसतंच. मूळ मऊ असल्यामुळे 6 च्या वरच्या पीएचलाच खनिज सोडायला लागतं. म्हणजे जे आम्ल दाताच्या डोक्याला फारसं काही करत नाही, तेच मानेला कुरतडतं. लाळ भरपूर असेल तर साखर खाल्ल्यावर अर्ध्या ते एक तासात तोंड पूर्वपदावर येतं. लाळ कमी असेल तर त्याहून उशिरा.

आता तुमच्या सात-आठ गोळ्यांचा हिशोब करा. एकेका गोळीमागे एक तास नुसता धरला, तरी जागेपणीचा निम्मा दिवस तुमचे दात आम्लात बुडालेले आहेत. शिवाय ‘आंबटगोड’ म्हणजे साखर आणि आम्ल एकाच वेष्टनात. जंतूंनी आम्ल तयार करण्याचीही वाट बघायला नको. रोज दोनदा ब्रश करूनही दात गेले याचं तुम्हाला नवल वाटतंय. दोनदा दोन मिनिटांचा ब्रश या आठ तासांपुढे काय करणार? मी तुमच्यावर रागवत नाहीये. आंबट चवीने लाळ सुटते हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, फक्त त्याचा मोबदला फार महाग पडला.

तेव्हा पहिलं काम: ती गोळी आजपासून बंद. तिच्या जागी झायलिटॉल असलेलं, बिनसाखरेचं च्युइंगम आणा. झायलिटॉल चवीला गोड असतं पण त्यापासून जंतूंना आम्ल करता येत नाही, आणि चावण्याच्या हालचालीनेच लाळ कित्येक पटींनी वाढते. जेवणानंतर आणि वाचनगटाला जाण्याआधी दहा-पंधरा मिनिटं चघळा. जबडा दुखत असेल तर झायलिटॉलच्याच चघळायच्या गोळ्या चालतील, पण वेष्टन नीट वाचा. ‘शुगर-फ्री’ असं मोठ्या अक्षरात लिहून आत सायट्रिक ॲसिड घातलेल्या गोळ्या सर्रास असतात, आणि त्या तुम्हाला पुन्हा तिथेच नेतील. फार खाल्लं तर झायलिटॉलने पोट बिघडतं हेही लक्षात असू द्या. वाचताना शेजारी पाण्याची बाटली ठेवा आणि परिच्छेद संपला की एक घोट घ्या. श्रोत्यांना तो विराम वाटेल.

दुसरं काम औषधांचं, आणि ते तुम्ही एकटीने करायचं नाही. हा लेख वाचून कुणी रक्तदाबाची गोळी सोडली तर लिहिल्याचा मला पश्चात्ताप होईल. ॲमिट्रिप्टिलिनही एकदम थांबवली तर डोकं दुखणं, मळमळ, झोप उडणं असे त्रास होतात, ती हळूहळू कमी करावी लागते. तुम्ही असं करा: सगळी औषधं एका कागदावर लिहा. डोळ्यांचे थेंब, नाकाचे फवारे, सर्दीला म्हणून आपणच आणलेलं काही, तेसुद्धा. कोणतं कधी सुरू झालं ते समोर लिहा आणि कोरड कधी सुरू झाली तेही. कागदाच्या या दोन बाजू शेजारी आल्या की पुष्कळदा उत्तर तिथेच दिसतं. तो कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.

तिथे सगळ्यात आधी क्लोरफेनिरामाईनबद्दल विचारा. मला विचाराल तर या तिघींमध्ये घराबाहेर काढायला सगळ्यात सोपी हीच. वय वाढलं की ही जुनी गोळी शक्यतो टाळावी असंच सांगितलं जातं, कारण ती तोंडाबरोबर डोकंही जड करते, बद्धकोष्ठ आणते, चालताना तोल घालवते. लोराटाडिन किंवा फेक्सोफेनाडिनसारख्या नव्या गोळ्यांनी तोंड बरंच कमी सुकतं. आणि मुळात शिंका अजून येतात का? कितीतरी गोळ्या शिंका थांबल्यावरही सवयीने चालू राहतात. ॲमिट्रिप्टिलिनबद्दल विचारताना दोन प्रश्न: नागिणीनंतरचं दुखणं पुष्कळांचं काही महिन्यांत ओसरतं, तर मात्रा कमी करून बघता येईल का, आणि त्वचेवर लावायचं बधिर करणारं प्लास्टर तुमच्या दुखण्याला चालेल का. दुखणं अजून तीव्र असेल तर ती गोळी राहू द्या. नागिणीची कळ काय असते हे मी पेशंटच्या चेहऱ्यावर पाहिलंय, कोरड त्यापुढे परवडली.

आता मघाशी म्हटल्या त्या बाकीच्या शक्यता. तुम्ही रात्री उठता ते तहानेने की लघवीला? तहान खूप, लघवी खूप आणि वजन उतरतंय असं असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. तसं नसेल तरी एकदा तपासायला काय हरकत आहे. झोपेत तुम्ही घोरता का, तोंड उघडं राहतं का, हे यजमानांना विचारा. तोंडाने श्वास घेतला की उरलीसुरली लाळही वाळते. तिसरा प्रश्न विचित्र वाटेल: डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं का? 1933 मध्ये हेन्रिक शोग्रेन या स्वीडनच्या नेत्रतज्ज्ञाने कोरडे डोळे, कोरडं तोंड आणि सांधेदुखी यांचा एकत्र मेळ असलेल्या आजाराबद्दल प्रबंध लिहिला. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते तो हा आजार. दहातले नऊ रुग्ण स्त्रिया असतात आणि तो बहुधा मध्यम वयात उघड होतो. डोळे खुपत असतील, सोबत थकवा आणि सांधेदुखी असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, रक्ताच्या तपासणीने पुढची दिशा कळते. डोक्याला किंवा मानेला पूर्वी कधी किरणोपचार झाले असते तर तुम्ही लिहिलंच असतं, म्हणून तो भाग सोडतो.

तोंड कोरडं वाटणं आणि लाळ खरोखर कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा अंदाज घरीही येतो. खाणं-पिणं आणि ब्रश यानंतर तासभर जाऊ द्या. खुर्चीत बसा, मान थोडी खाली, आणि पंधरा मिनिटं तोंडात येईल ती लाळ न चावता, न चोखता खुणा असलेल्या औषधाच्या छोट्या पेल्यात पडू द्या. साधारण माणसाची या वेळात चार-पाच मिलिलिटर, म्हणजे लहान चमचाभर भरते. दीड मिलिलिटर किंवा त्याहून कमी भरली तर लाळ खरंच कमी आहे. हसू येईल, दार लावून करा. आलेला आकडा त्याच कागदावर लिहा, औषध बदलल्यावर महिन्याने पुन्हा मोजा. ‘जरा बरं वाटतंय’ यापेक्षा हा आकडा तुमच्या डॉक्टरांना जास्त सांगेल. इथे एक मेख आहे: माणसाला कोरड जाणवायला लागते ती बहुधा त्याची स्वतःची लाळ निम्म्यावर आल्यावर. ज्याची मुळात भरपूर होती त्याचा आकडा अजून ठीक दिसेल आणि तरी त्याचा त्रास खरा असेल.

दातांसाठी: रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा मोलाचा, कारण त्यानंतर सहा-सात तास लाळेचा पहारा नसतो. फ्लोराइडची पेस्ट वापरा, फेस थुंकून टाका आणि पाण्याने खळखळून चूळ भरू नका. पेस्टचा पातळ थर दातांवर राहिला तर तो रात्रभर काम करतो. बहुतेक पेस्टमध्ये 1000 ते 1500 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड असतं. तीन दात किडले आहेत म्हटल्यावर तुमचे दंतवैद्य 5000 पीपीएमची पेस्ट लिहून देऊ शकतात आणि दर काही महिन्यांनी फ्लोराइडचा लेप लावू शकतात. विचारून घ्या, ते आपणहून सुचवतील अशी वाट बघू नका. अल्कोहोल असलेला माउथवॉश घरात असेल तर तो फरशीला वापरा.

झोपताना लावायचा कृत्रिम लाळेचा जेल मिळतो. हिरड्यांना आणि गालांच्या आतून वाटाण्याएवढा लावला की काही तास बुळबुळीतपणा टिकतो. लाळेची जागा तो घेत नाही, पण रात्रीचं एक उठणं वाचलं तरी तुम्हाला फरक कळेल. याच्या पुढची पायरी म्हणजे पायलोकार्पिनच्या गोळ्या. ब्राझीलमधल्या जाबोरांडी या झुडपाच्या पानांतून हे द्रव्य मिळालं, आणि तिथल्या तुपी भाषेत त्या नावाचा अर्थच ‘लाळ गाळायला लावणारं’ असा सांगतात. ॲसिटिलकोलीनचाच निरोप ते ग्रंथीला देतं, त्यामुळे घामही सुटतो आणि लघवीलाही होते. दमा आटोक्यात नसेल किंवा काचबिंदूचा एक विशिष्ट प्रकार असेल तर ते चालत नाही. तुमच्या बाबतीत एका गोळीने अडवलेलं दार दुसऱ्या गोळीने ढकलण्यापेक्षा पहिली काढलेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मधल्या काळात काही दिसलं तर थांबू नका. जिभेवर किंवा टाळूवर पुसता येणारे पांढरे डाग, ओठांच्या कोपऱ्यांत चिरा, तोंडाची आग: ही बहुधा बुरशी, तिला औषध आहे. जेवायला बसलं की जबड्याखाली सूज येऊन दुखत असेल तर ग्रंथीच्या नळीत खडा असू शकतो. आणि गालात किंवा जबड्याखाली न दुखणारी गाठ आठवड्यांमागून आठवडे तशीच राहिली, तर ती लगेच दाखवा.

राहिली यजमानांची उशी. त्यांची लाळ तुमच्यापेक्षा जास्त तयार होते असं समजू नका. कुशीवर झोपलेल्या माणसाचं तोंड उघडं राहिलं की जी लाळ झोपेतही गिळली गेली असती ती उशीवर उतरते, एवढंच बहुतेकदा असतं. नाक चोंदलेलं आहे का ते बघा, घोरत असतील आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा वाटत असेल तर डॉक्टरांना सांगा. जेवणानंतर तोंडात आंबट पाणी येत असेल तर ते पित्ताचं. फक्त दिवसाही लाळ गळू लागली, किंवा त्याबरोबर हालचाल मंदावली, हात थरथरू लागला, तर नसांच्या डॉक्टरांकडे न्या, कारण तेव्हा गिळण्याची गती कमी झालेली असू शकते. यातलं काहीच नसेल तर उशीवर एक जाडसर टॉवेल अंथरा आणि त्यांना झोपू द्या.